आरटीएल-एसडीआर डोंगल आणि ग्नू रेडिओ

स्वस्त यूएसबी टीव्ही डोंगलकडून कच्चे रेडिओ नमुने घेऊन त्यांवर ग्नू रेडिओत (ब्लॉक जोडून संकेतांवर प्रक्रिया करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये) प्रक्रिया करण्याची पद्धत. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ. डोंगलमधली आरटीएल२८३२यू चिप मुळात डीव्हीबी-टी (जमिनीवरील मनोऱ्यांवरून येणाऱ्या डिजिटल) टीव्हीसाठीची. ती ८ बिटचे आय-क्यू नमुने (संकेताच्या दोन घटकांच्या मापांच्या जोड्या) थेट संगणकाला देते हे कळल्यावर २०१२ मध्ये तिचा सार्वत्रिक रिसीव्हर झाला. आर८२०टी ट्यूनर (हवी ती वारंवारता निवडणारी चिप) असल्यास पल्ला साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ.

लिनक्सवर पहिली अडचण रेडिओची नसतेच. डोंगल दिसताच कर्नलचा टीव्ही ड्रायव्हर तो ताब्यात घेतो. अशा वेळी ‘आरटीएल_टेस्ट’ ही डोंगल तपासणारी आज्ञा चालवल्यास उणे ६ ही त्रुटी येते. तो ड्रायव्हर कर्नलच्या काळ्या यादीत (ब्लॅकलिस्ट) टाकून डोंगल काढून पुन्हा लावावा. त्रुटी उणे ३ असेल तर प्रश्न परवानगीचा आहे: यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा) नियम बसवावा, प्रत्येक वेळी सूडो (प्रशासकाचे अधिकार) वापरणे हा उपाय नव्हे.

यानंतर नमुनादर, म्हणजे दर सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते. चिप २२५ ते ३०० किलो किंवा ९०० किलो ते ३.२ मेगा नमुने प्रतिसेकंद एवढेच दर घेते. मधला ५०० किलो चालत नाही. २.४ मेगाच्या वर नमुने गळू लागतात, म्हणून २.४ वरच थांबावे. एफएम ऐकण्यासाठी हे गणित सोयीचे पडते: लो-पास फिल्टरमध्ये १० ने भागून २४० किलो, एफएम डिमॉड्युलेटरमध्ये (संकेतातून आवाज वेगळा काढणाऱ्या ब्लॉकमध्ये) ५ ने भागून ४८ किलो, आणि तोच दर ऑडिओ सिंकला (साउंडकार्डाकडे आवाज पाठवणाऱ्या ब्लॉकला). एक भागाकार चुकला की आवाज तुटतो किंवा त्याची पट्टी बदलते. डीएम्फसिस (प्रसारणात मुद्दाम वाढवलेले तार स्वर पुन्हा खाली आणणे) भारतात ५० मायक्रोसेकंद ठेवावा. ७५ हे अमेरिकी मूल्य राहिले तर तार स्वर दबतात.

कन्सोलवर ‘ओ’ अक्षरे उमटली तर संगणक मागे पडतोय, ‘एयू’ उमटले तर साउंडकार्डाला नमुने कमी पडताहेत. थ्रॉटल ब्लॉक (नमुन्यांचा वेग संगणकाच्या घड्याळाने रोखणारा) येथे जोडू नये. वेळेची चाल डोंगल स्वतःच ठरवतो आणि दुसरे घड्याळ आले की दोघांची ओढाताण होते. तरीही डोंगल आणि साउंडकार्ड यांच्या क्रिस्टलमधल्या सूक्ष्म फरकामुळे बऱ्याच वेळाने एखादा ‘एयू’ येणे स्वाभाविक आहे.

साध्या क्रिस्टलची चूक ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) असेल तर १०० मेगाहर्ट्झवर केंद्र ५ किलोहर्ट्झ सरकते. एफएमला ते खपते, अरुंद पट्ट्यातील संदेशांना नाही. तिथे पीपीएम दुरुस्ती भरावी किंवा टीसीएक्सओ (तापमानानुसार स्वतःला सुधारणारा अचूक क्रिस्टल) असलेला डोंगल घ्यावा. गेन (संकेत किती वाढवायचा ते) स्वयंचलित ठेवू नये. शहरात जवळच्या एफएम मनोऱ्यांमुळे ट्यूनर ओव्हरलोड होतो आणि नसलेली स्टेशने भलतीकडे दिसू लागतात. गेन १० डेसिबलने उतरवल्यावर ती नाहीशी झाली, किंवा खऱ्या स्टेशनांपेक्षा खूप जास्त खाली गेली, तर ती भुतेच होती.