बंपर आधी वाकला पायजे, चेसी नाही

आमच्या यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात ज्याच्याकडे फोर-बाय-फोर जीप, जिप्सी नाहीतर थार आहे त्याच्या गाडीचा मागचा बंपर धड सापडणं अवघडच. पांदण रस्त्यावर गाडी वळवायला जागा नसते म्हणून रिव्हर्स घ्यायची, मागे तुरीच्या आडोशाला बाभळीचं खुंट असतं ते दिसत नाही, नाल्यातून वर चढताना मागचा भाग काठाला घासतो, आणि पावसाळ्यात गाडी फसली की शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर येतो अन् साखळी सरळ बंपरलाच बांधतो. जुन्या जीपला तर मागे पूर्ण बंपर नसायचाच, दोन कोपऱ्यांना दोन छोटे तुकडे असायचे, तेही कुठंतरी पडून गेलेले.

मग एक तर नागपूर-अमरावतीच्या कबाडीत शोधायचा, नाहीतर ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायचा. आणि ऑर्डर देताना प्रत्येकजण जवळजवळ एकच वाक्य बोलतो, "भाऊ, असा बनव का ट्रकनं ठोकलं तरी याले काई झालं नाई पायजे." सगळी गडबड या वाक्यात आहे. कारण बंपरला काही झालं नाही याचा अर्थ धक्का गायब झाला असा होत नाही, तो पुढं कोणाला तरी गेला.

हिशोब करून पाहू, सोपा आहे. गाडी १६०० किलोची धरा, रिव्हर्समध्ये ताशी ५ किमी, म्हणजे माणूस चालतो त्या वेगानं खुंटावर आदळली. तिच्यात गतीची ऊर्जा आहे सुमारे १५४० ज्यूल, म्हणजे हीच गाडी १० सेंमी उंचीवरून जमिनीवर सोडली तर जेवढी होईल तेवढी. खुंट जागचं हलत नाही असं समजू, तर ही ऊर्जा कुठंतरी खर्च व्हावीच लागते आणि ती बल गुणिले अंतर अशीच खर्च होते. बंपर वाकत वाकत १० सेंमी आत गेला तर सरासरी बल येतं दीड टनाच्या आसपास. बंपर इतका कडक की सगळं मिळून २ सेंमीतच थांबलं, तर तेच बल जवळपास ८ टन. कुटाराच्या ढिगावर उडी मारणं आणि खळ्याच्या फरशीवर उडी मारणं यात फरक एवढाच असतो, थांबायला अंतर किती मिळालं. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी १० ला गणित अजून वाईट.

आता ते ८ टन जातात कुठं? बंपरमधून ब्रॅकेटमध्ये, ब्रॅकेटमधून चेसीच्या दोन लांब पट्ट्यांच्या टोकांत. या गाड्यांची चेसी शिडीसारखी असते, दोन लांब बाजू आणि मधे आडवे दांडे, बॉडी वरून बोल्टनं बसवलेली. टोक एकदा मुडपलं किंवा चेसी थोडी तिरकी झाली की मागची कमान (पाट्यांची स्प्रिंग) तिरकी बसते, मागचा दरवाजा नीट लागत नाही, टायर एका बाजूनं खातो, आणि कारण शोधता शोधता मेकॅनिक बदलून होतात पण बंपरकडे कोणी पाहत नाही कारण तो तर चकाचक उभा असतो!

आजकालच्या गाड्यांचा प्लास्टिकचा बंपर पाहून लोक हसतात, "डब्बा हाय" म्हणतात. पण ते प्लास्टिक हा नुसता सदरा आहे. बहुतेक गाड्यांत आत एक पोलादी किंवा अॅल्युमिनियमचा आडवा दांडा असतो, बऱ्याचदा त्याच्यावर फोम, आणि दांडा व चेसी यांच्या मधे मुद्दाम चुरगळायसाठी ठेवलेले दोन पोकळ डबे. म्हणजे आधी काय मोडायचं, नंतर काय, हे कारखान्यात ठरवून ठेवलेलं असतं. गाडीचा काही भाग मुद्दाम चुरगळू द्यायचा ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे इंजिनिअर बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकात पेटंट केली आणि १९५९ मध्ये ती त्यांच्या गाडीत आली, तोवर भारी गाडी म्हणजे कडक गाडी असंच सगळे धरून चालायचे. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलांपासून नियम आला की पुढून ताशी ५ मैल आणि मागून अडीच मैल वेगाच्या धक्क्यात दिवे, इंधनाची टाकी वगैरे महत्त्वाच्या गोष्टी शाबूत राहिल्या पाहिजेत. अडीच मैल म्हणजे ताशी ४ किमी, आपल्या पांदणीतला रिव्हर्स साधारण तोच.

तर मग बंपर पातळ पत्र्याचा करायचा का? नाही. इथं आकाराचं विज्ञान येतं आणि मला सगळ्यात मजेशीर हाच भाग वाटतो. १०० मिमी रुंद आणि ६ मिमी जाड सपाट पट्टी घ्या, मीटरला ४.७ किलो भरते. आता ५० बाय ५० चा चौकोनी पाईप घ्या ३ मिमी जाडीचा, तो मीटरला ४.४ किलो, म्हणजे लोखंड थोडं कमीच लागलं. पट्टीच्या सपाट बाजूवर जोर दिला तर तिच्यापेक्षा हा पाईप ११५ पट कमी लवचतो, आणि कायमचा वाकायला जवळपास १४ पट जोर मागतो. कारण काय, तर वाकवताना एका बाजूचं लोखंड ताणलं जातं आणि दुसऱ्या बाजूचं दाबलं जातं, मधलं लोखंड नुसतं बसून असतं. पाईपमध्ये लोखंड मधून काढून कडेला नेलेलं आहे, म्हणून तेवढ्याच वजनात एवढा फरक. त्यामुळे "जाड पट्टी टाक" म्हणणाऱ्याला दुकानदार खुशाल विकेल, वजनावरच विकतो तो.

साध्या एम.एस.ची, म्हणजे नेहमीच्या माइल्ड स्टीलची, कायमचं वाकायला लागायची मर्यादा २५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) धरली आणि ब्रॅकेट एकमेकांपासून ८० सेंमीवर असले, तर वरचा पाईप बरोबर मधोमध साधारण एक टनाला वाकायला लागतो. आपल्या दीड टनाच्या धक्क्यात तो वाकेल, आणि तेच पाहिजे. उलट १०० मिमीचा चॅनल (इंग्रजी C च्या आकाराचा दांडा) त्याच्या मजबूत बाजूनं लावला तर तो साडेचार टनांपर्यंत ढिम्म राहतो, वजन मात्र दुपटीच्या वर, आणि तोवर चेसीच्या टोकाचं काय झालं ते चेसीलाच माहीत. कोपऱ्याची गोष्ट अजून वेगळी. ब्रॅकेटच्या बाहेर ४० सेंमी लोंबणाऱ्या टोकाला मार बसला तर तोच पाईप अर्ध्या टनात वाकतो, आणि प्रत्यक्षात आपण खुंटाला कोपराच जास्त लावतो. म्हणून काहीजण कोपऱ्यापासून चेसीपर्यंत तिरपा टेकू देतात. द्या, पण तो बंपरपेक्षा हलका द्या, नाहीतर कोपऱ्याचा मार थेट चेसीला पोचवायची सोय तुम्हीच करून ठेवली.

मी स्वतः असं सांगेन की दांडा ५० किंवा ६० चा पाईप, आणि दांडा व चेसीच्या मधलं ब्रॅकेट पातळ पत्र्याचा पोकळ डबा, ज्याला आधी चुरगळता येईल आणि जो बोल्ट खोलून बदलता येईल. चेसीला वेल्डिंग करायचंच नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारच्या लोखंडाची रचना बदलते, आणि वर्षानुवर्षं हादरे खाणाऱ्या चेसीत चीर पडायला अशीच जागा सापडते. कंपनीनं दिलेल्या भोकांत ८.८ ग्रेडचे बोल्ट वापरा, डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं. एम-१२ चा, म्हणजे १२ मिमी जाडीचा, असा एक बोल्ट सरळ ओढीत ५ टनांपर्यंत कायमचा ताणला जात नाही. गावच्या हार्डवेअरमध्ये मिळणारा बिनआकड्याचा बोल्ट किती सहन करेल हे तो विकणारापण सांगू शकत नाही.

कबाडीतून माल घेताना दोन गोष्टींपासून जपा. ट्रकच्या कमानीचे पाटे फुकटात मिळाल्यासारखे मिळतात, मजबूतही असतात, म्हणून त्यांचा बंपर बनवायचा मोह होतो. पण ते स्प्रिंगचं पोलाद आहे, त्यात कार्बन जास्त. वेल्डिंग केल्यावर जोडाशेजारची पट्टी पटकन थंड होते आणि काचेसारखी कडक पण ठिसूळ बनते, दिसायला जोड एकदम झकास आणि पहिल्या दणक्यात जोडाच्या बाजूनं कट्कन तुटतो. त्याच पाट्याचे लोहार विळे-कोयते बनवतो ते बरोबर आहे, तिथं कडकपणाच पाहिजे असतो. दुसरी गोष्ट, पाण्याचे जुने जी.आय. पाईप. त्यांच्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि वेल्डिंगचा आर्क त्याच्या कितीतरी वर असतो. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डर लोकांना हे चांगलं माहीत असतं तरी अंगावर काढतात. थर घासून काढा, उघड्यावर काम करा, किंवा तो पाईपच घेऊ नका.

आणि लाईटचं काय? खेड्यात जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या वेल्डिंग मशीनला २३० व्होल्टच्या जागी १८० मिळाले तर आर्कचा करंटही पडतो. रॉड वितळतो, पण खालचं लोखंड पुरेसं वितळत नाही, धातू वर नुसता बसतो, पकडत नाही. वरून ग्राइंडर आणि रंग मारला की कोणाला कळणार नाही. म्हणून व्होल्टेज चांगलं असेल तेव्हा, शक्यतो सकाळी, जोड मारून घ्या. पावसाळ्यात ओल लागलेला रॉड आणखी एक डोकेदुखी, त्या ओलीनं जोडात बुडबुडे राहतात. आधी गाडीवर ठेवून टाके (जागा धरून ठेवणारे छोटे जोड) मारायचे, मग खाली उतरवून पूर्ण जोड, कारण मागेच पेट्रोलची टाकी असू शकते आणि बॅटरीची केबल काढली नाही तर कॉम्प्युटरवाल्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं. टाके न मारता एका टोकापासून जोड मारत गेलात तर लोखंड थंड होताना आकसतं आणि दांडा केळासारखा होतो.

ट्रॅक्टरनं ओढायचा विषय राहिला. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, पाणी प्यायली की ती फुगते आणि चाकाला धरून ठेवते. चाकं पार बुडाली की ओढायला लागणारं बल गाडीच्या वजनाएवढं होऊ शकतं. ते बंपरच्या पाईपला मागायचं नाही, त्यासाठी चेसीच्या ब्रॅकेटला वेगळा हुक बोल्टनं बसवायचा, दोन्ही बाजूंना. आणि साखळीला झटका देणं तर बंदच करा राजेहो. १६०० किलोची गाडी ताशी १० किमीनं जाऊन साखळी ताणते आणि सगळं ५ सेंमीत थांबतं, तर बल वाढत वाढत शेवटी, सरासरीच्या दुप्पट म्हणजे २५ टनांपर्यंत जाऊ शकतं. तेच २ मीटर ताणणाऱ्या नायलॉनच्या दोरानं फक्त ६०० किलोच्या आसपास येतं. तुटलेल्या हुकाचा तुकडा माणसापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, म्हणून ओढताना पोरंसोरं जवळ उभी नको. साखळीच असेल तर आधी हळूच ताण घ्यायचा, मग दाबायचं.

वजन कमी का ठेवायचं त्याचं कारण तरफेत आहे. २४५० मिमी व्हीलबेसच्या थारला मागच्या अॅक्सलच्या ९० सेंमी मागे ४५ किलोचा बंपर लटकवला तर मागच्या चाकांवर ४५ नाही, साडेएकसष्ट किलो वाढतात, आणि पुढची चाकं साडेसोळा किलोनं हलकी होतात. त्यात स्टेपनी, डिझेलची कॅन मागेच. स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. बंपर किती खाली आणायचा हेही मोजूनच ठरवा. टायर टेकतो तिथून ८० सेंमी मागे बंपरची खालची कड ६० सेंमी उंचावर असेल तर सुमारे ३७ अंशाचा काठ चढता-उतरता येतो. कड १० सेंमी खाली आली की तो कोन ३२ वर येतो, आणि नाला ओलांडताना पाच अंश म्हणजे लय झाले.

गंजाचं थोडक्यात. पाईपची टोकं बंद केली तरी ओल आत जाते, म्हणून खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं ठेवा. चिखल चिकटून राहिला की त्याच्याखाली ऑक्सिजन कमी आणि बाजूला जास्त, अशा जागी लोखंड जास्त खातं. मागे खताच्या पोत्या वाहणाऱ्यांनी तर गाडी धुवायचीच, पोटॅशमध्ये क्लोराईड असतं आणि ते ओल धरून ठेवतं. रेड ऑक्साइड मारा, पण आधी वेल्डिंगच्या जोडावरची मळी (स्लॅग) नीट झाडा.

कडा गोल करा, अणकुचीदार कोपरा मोटरसायकलवाल्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतो. कायद्याचंही बघा: २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं होतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत फेरफार करण्याबद्दलच्या) आधार घेऊन. ते पुढच्या लोखंडी जाळ्यांबद्दल प्रसिद्ध झालं तरी मागचा बंपर बनवण्याआधी आर.टी.ओ.त विचारून घेतलेलं बरं, आणि नंबर प्लेट, तिचा दिवा, रिफ्लेक्टर झाकले गेले तर दंड कोणीही लावेल.

बंपर बसवून झाला की प्रत्येक नटवर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या ऑइलपेंटनं एक सरळ रेष ओढून ठेवा. चार-दोन वेळा पांदणीतून जाऊन आल्यावर टॉर्च घेऊन गाडीखाली बघा, जिथं रेष सरकली असेल तो नट सैल झालेला आहे.