शिरोरेषा फिकट का दिसते?

नवा २४ इंची मॉनिटर जोडला की पहिली तक्रार ठरलेली, अक्षरं फार बारीक दिसतात. मग कोणीतरी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, उतरवून १२८० बाय ७२० करून देतं. अक्षरं मोठी होतात खरी, पण त्यांच्यावर बटर पेपर ठेवल्यासारखं दिसू लागतं. असं मुळीच करू नका.

एलसीडी पडद्यावरच्या ठिपक्यांच्या जागा कारखान्यातच कायमच्या ठरतात. फुल एचडी पडद्यावर ते आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. २४ इंची पडद्यावर एक पिक्सेल साधारण ०.२८ मिलिमीटरचा, आणि भिंगातून पाहिलं तर त्यात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या दिसतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला हे बंधन नव्हतं. इलेक्ट्रॉनचा झोत सांगू तितक्या ओळी मारायचा, म्हणून ८०० बाय ६०० काय नि १०२४ बाय ७६८ काय, दोन्ही चालून जायचं. सपाट पडद्यावर अर्धा पिक्सेल पेटत नाही.

आता मराठी मजकूर घ्या. लहान अक्षरांत शिरोरेषा जेमतेम एक पिक्सेल जाड असते. संगणकाने ७२० ओळींचं चित्र पाठवलं की मॉनिटर ते १०८० ओळींवर ताणतो, म्हणजे एका रेघेच्या वाट्याला दीड ओळ येते. दीड ओळ अस्तित्वातच नाही, म्हणून काळेपणा शेजारच्या ओळींत वाटला जातो आणि रेघ करडी होते. अनुस्वार आणि रफार यांचंही तसंच. रोमन लिपीपेक्षा देवनागरीला हा फटका जास्त जाणवतो, कारण आपल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ असते.

विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा आणि ज्या रिझोल्यूशनपुढे 'रिकमेंडेड' लिहिलं आहे तेच निवडा. अक्षरं मोठी हवी असतील तर त्याच पानावर 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. इथे अक्षर ताणलं जात नाही, मोठ्या मापात नव्याने आखलं जातं. काही जुने प्रोग्रॅम मात्र स्केल वाढवल्यावरही धूसर दिसतात, कारण त्यांना ही सोय माहीत नसते आणि विंडोज त्यांचं तयार चित्रच ताणते.

रिझोल्यूशनचा योग्य आकडा यादीतच नसेल तर आधी केबल तपासा. मॉनिटर स्वतःची मापं संगणकाला कळवतो. निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमध्ये ती माहिती १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसल्या किंवा वाकल्या असल्या, की संगणक अंदाजाने १०२४ बाय ७६८ वर थांबतो. ९ क्रमांकाची पिन नसली तर सहसा काही बिघडत नाही. व्हीजीएवर आणखी एक पथ्य आहे. सिग्नल अ‍ॅनालॉग (तुटक आकड्यांऐवजी सलग बदलणारा) असल्याने कुठला पिक्सेल कुठे सुरू होतो हे मॉनिटरला ताडावं लागतं. चित्र आपोआप जागेवर बसवणारं मॉनिटरचं 'ऑटो' बटण दाबण्यापूर्वी बारीक मजकुराचं पांढरं पान पूर्ण पडद्यावर उघडा. काळ्या वॉलपेपरवर दाबलंत तर त्याला कडा सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूला सरकतं. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा, ही कटकटच उरत नाही.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावला आणि टास्कबार कडेला कापला गेला, तर टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी वाटत असेल, तर संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ पातळ्या पाठवतोय आणि पडदा ० ते २५५ धरून बसलाय. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेंज 'फुल' करा.

फोरके (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलच्या) पडद्यावर माउसचा बाण अडखळत सरकतो तेव्हा बहुधा रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ असतो, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच नव्याने उमटतं. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीची धाव तेवढीच. ६० साठी संगणकाचं पोर्ट, केबल आणि मॉनिटर तिन्ही २.० च्या किंवा पुढच्या क्षमतेचे लागतात. बदल 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये होतो.

हे सगळं जुळल्यावरच क्लिअरटाइप या विंडोजच्या अक्षरं सुबक करणाऱ्या सोयीकडे वळा. स्टार्टमध्ये ते नाव शोधून उघडा आणि समोर येणाऱ्या नमुन्यांपैकी सगळ्यात स्वच्छ दिसेल तो निवडत जा. क्लिअरटाइप पिक्सेलमधल्या त्या तीन रंगपट्ट्याच वापरून अक्षराच्या कडा घोटतं. आधीचं चित्र ताणलेलं असेल तर पट्ट्यांचा हिशेब चुकतो आणि अक्षरांना लाल-निळी किनार दिसते.