वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज: घोडे अडते कुठे?

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग सायलेन्सरमधून आणि जवळपास तेवढाच रेडिएटरमधून हवेत निघून जातो. सिमेंटच्या आणि काचेच्या भट्ट्यांचीही गत फारशी वेगळी नाही. या उष्णतेची थेट वीज करता येते, हे १८२१ पासून ठाऊक आहे. तरीही रस्त्यावरच्या गाड्यांत तशी वीज तयार होताना दिसत नाही.

त्या वर्षी बर्लिनमध्ये थॉमस सीबेक यांनी दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या जोडून त्यांचे कडे केले आणि एक सांधा तापवला, तेव्हा जवळच्या होकायंत्राची सुई हलली. सीबेक यांना हा चुंबकत्वाचाच प्रकार वाटला. कड्यातून विद्युतप्रवाह वाहतो आहे, हे डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी ओळखले. गरम टोकाकडचे इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जा घेऊन थंड टोकाकडे सरकतात आणि तिथे त्यांची दाटी होऊन विद्युतदाब निर्माण होतो. धातूंच्या जोडीत हा दाब तापमानाच्या एका अंशाला जेमतेम काही मायक्रोव्होल्ट भरतो. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगडीत एवढीशी वीजही झडप उघडी धरायला पुरते, पण दिवा लावायचा तर अर्धसंवाहकच (सेमीकंडक्टर) हवेत. त्यांपैकी बिस्मथ टेल्युराइड, म्हणजे बिस्मथ आणि टेल्युरियम यांचे संयुग, हे सर्वांत रुळलेले.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात त्याची चार सेंटिमीटर बाजूची, लाल-काळ्या तारांची पांढरी चौकोनी चकती सहज मिळते. सिरॅमिकच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक ठोकळ्यांच्या १२७ जोड्या एकसर जोडणीत बसवलेल्या असतात. एका जोडीला अंशामागे सुमारे ४०० मायक्रोव्होल्ट धरले, तर दोन बाजूंत १०० अंशांचा फरक असताना पाच व्होल्ट मिळायला हवेत. (दुकानातली चकती बहुधा उलट कामासाठी, म्हणजे वीज देऊन गारवा मिळवण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातला डाख कमी तापमानालाच वितळतो, त्यामुळे ती थेट चुलीवर ठेवू नये.)

खरी अडचण थंड बाजूची आहे. चकती काही मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे उष्णता पलीकडे पोहोचायला वेळ लागत नाही. ती तिथून काढून नेली नाही, तर तापमानातला फरक घसरतो आणि त्याबरोबर वीजही. त्यासाठी पंखा किंवा पाण्याचा पंप लावला, तर मिळालेल्या विजेतला वाटा तोच खातो. शिवाय धुरातली उष्णता धातूच्या पृष्ठभागात सहजी शिरत नाही, त्यामुळे बराचसा फरक चकतीच्या बाहेरच संपतो. गाड्यांसाठी अशी जनित्रे बसवून पाहण्याचे प्रयोग मोठ्या कंपन्यांनी केले. तेव्हा बांधलेल्या आशा, माझ्या मते, अवास्तव होत्या.

कागदावरचा हिशेबही उत्साह वाढवणारा नाही. गरम बाजू २२७ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २७ अंश असेल, तर निसर्गनियमानुसार कोणत्याही यंत्राला जास्तीत जास्त ४० टक्के उष्णतेचे काम करून घेता येते. पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो हे सांगणारा गुणांक, ज्याला झेडटी म्हणतात, रुळलेल्या पदार्थांत एकच्या आसपास असतो आणि तेवढ्यावर कमाल कार्यक्षमता आठ टक्क्यांच्या घरात राहते. गुणांक वाढवायचा, तर पदार्थाने वीज मुक्तपणे वाहू द्यावी पण उष्णता अडवावी, असा परस्परविरोधी हट्ट धरावा लागतो, कारण इलेक्ट्रॉन दोन्हींची ने-आण करतात. अर्धसंवाहकांत मात्र बरीचशी उष्णता अणुजालाच्या कंपनांतून जाते आणि ती कंपने विस्कटून टाकता येतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये कॅडमियम मिसळलेल्या सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये सुमारे ३०० अंशांना २.६ हा गुणांक नोंदवला. त्यापासून टिकाऊ चकती बनवणे हे वेगळे काम आहे, कारण वारंवार तापण्या-निवण्याने सांधे तडकतात. टेल्युरियमही दुर्मिळ आहे.

म्हणूनच या तंत्राचे सर्वांत मोठे यश जिथे दुसरा इलाजच नव्हता तिथले आहे. १९७७ साली सूर्यमालेतल्या दूरच्या ग्रहांकडे निघालेल्या व्हॉयेजर यानांवर किरणोत्सारी प्लुटोनियमच्या सुमारे सात हजार वॅट उष्णतेतून सुरुवातीला सुमारे ४७० वॅट वीज मिळत होती. सूर्यापासून इतक्या दूर सौरपट्ट्या निरुपयोगी आणि दुरुस्तीला जाणारे कोणी नाही. त्यामुळे एकही भाग हलत नसलेले जनित्र तिथे चपखल बसले.

पृथ्वीवर, भट्टीची उष्णता भरपूर असेल, तर बॉयलर आणि टर्बाइन हाच मार्ग आजही सरस ठरतो आणि सिमेंट कारखाने तोच वापरतात. चकतीला वाव आहे तो कारखान्यातल्या गरम नळ्यांवर, जिथे तापमान किंवा कंपने मोजून बिनतारी कळवणाऱ्या संवेदकाला काही मिलिवॅट पुरतात आणि बॅटरी बदलायला माणूस चढवावा लागत नाही.