खासगी बोट घेऊन पाणबुड्यांविरुद्ध गस्त: १९४२ च्या अमेरिकेत अर्ज कसा करायचे, काय काय लागायचं

१९४२ च्या सुरुवातीला जर्मन यू-बोटी, म्हणजे पाणबुड्या, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मालवाहू जहाजं धडाधड बुडवत होत्या, नेव्हीकडे गस्तीला पुरेशा बोटी नव्हत्या, मग खासगी मोटरबोटी आणि यॉट घ्यायला लागले. सरकारने सरसकट जप्त केल्या असं नाही हां, क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका या यॉटवाल्यांच्या क्लबने तर स्वतःहून बोटी देऊ केलेल्या.

पहिली पायरी कोस्ट गार्ड ऑक्झिलरीची, म्हणजे किनारारक्षक दलाच्या नागरी मदतनीस संघटनेची, मेंबरशिप. अमेरिकन नागरिकत्व आणि बोटीत किमान २५ टक्के मालकी, मुख्य अटी या दोनच, म्हणजे चार मित्रांनी सारखे पैसे घालून बोट घेतली असेल तर चौघंही पात्र.

खरी मेख पुढे आहे. ऑक्झिलरीवाले सिव्हिलियन, त्यांना लष्करी अधिकार नाहीत, आणि सिव्हिलियन माणूस पाणबुडीवर मशीनगन चालवताना शत्रूच्या हाती लागला तर त्याला युद्धकैदी कोण मानणार? म्हणून दुसरी पायरी, कोस्ट गार्डच्या टेम्पररी रिझर्व्हमध्ये (तात्पुरत्या राखीव दलात) भरती, शपथ, युनिफॉर्म. जून १९४२ मध्ये कायदा बदलला आणि स्वतःची बोट नसलेल्यांनाही दार उघडलं. वयामुळे किंवा तब्येतीमुळे फौजेत न घेतलेले लोकही इथे चालून जायचे.

माणसापेक्षा बोटीची परीक्षा कडक. चांगल्या हवेत निदान ४८ तास समुद्रात राहता आलं पाहिजे. पास झाली की राखाडी रंग, नंबर, रेडिओ, मशीनगन, डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बॉम्ब). शिडाच्या यॉटना विशेष मागणी, कारण इंजिनाचा आवाज नाही आणि डिझेलची चिंता नाही. पण जोखीम खरी होती, डिसेंबर १९४२ मध्ये झायदा नावाची यॉट वादळात सापडून जवळपास तीन आठवडे भरकटत होती, सगळे वाचले हे नशीब.

अमेरिकन लेखक हेमिंग्वेचं उदाहरण इथे लावू नका, तो पिलार ही स्वतःची बोट घेऊन पाणबुड्या शोधायचा पण क्युबातून, आणि त्याचं सगळं हवानातल्या अमेरिकन दूतावासामार्फत.

१९४३ मध्ये कोस्ट गार्डकडे स्वतःच्या बोटी वाढल्या तशी ही खोल समुद्रातली गस्त आवरती घेतली. बंदरातली ड्युटी मात्र चालू राहिली, आठवड्याला किमान १२ तास, तीही बिनपगारी.