जोडलेले हात (🙏)

दोन तळवे जुळवून बोटे वर केलेली, असे चित्र असलेला इमोजी. जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचांतून तो २०१० साली युनिकोडच्या, म्हणजे जगभरातली अक्षरे आणि चिन्हे संगणकात नोंदवण्याच्या मानकाच्या, ६.० आवृत्तीत आला. तिथे त्याचे नाव ‘हात जोडलेली व्यक्ती’ असे आहे. चित्रात मात्र बहुतेक ठिकाणी नुसते हातच दिसतात. २०१५पासून त्याला त्वचेच्या पाच छटाही मिळाल्या.

जपानमध्ये हे हात विनंतीचे, आभाराचे, माफीचे आणि जेवणाआधी ‘इतादाकिमास’ म्हणतानाचे. ख्रिस्ती देशांत ते प्रार्थनेचे ठरले. ॲपलच्या जुन्या चित्रात त्यांच्यामागे पिवळे किरणही होते, ते पुढे काढले. दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी, असा अर्थ लावणारेही आहेत. मराठी माणसाला तो सुचणे अवघड, कारण आपल्याला हा सरळ नमस्कार दिसतो.

मराठीत याचा वापर फार ऐसपैस आहे. सकाळी ‘राम कृष्ण हरी’ किंवा ‘जय भीम’च्या पुढे तो असतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया पाणी जपून वापरा’ या सूचनेची धार तोच कमी करतो. कोणी वर्गणी भरली की खजिनदाराची पोच म्हणूनही तोच येतो. वाद वाढला की मात्र एकटाच उमटतो आणि त्याचा अर्थ होतो कोपरापासून नमस्कार: पुरे झाले, आता बोलणे नाही. आदर आणि सुटका यांचे चित्र एकच, त्यामुळे मागचापुढचा मजकूर वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. मोठ्यांच्या पाया पडायचे असेल तेव्हा हे हात अपुरे पडतात. तिथे ‘वाकून नमस्कार’ असे शब्दच लिहावे लागतात.

याचा सर्वांत खरा उपयोग मृत्यूच्या निरोपाखाली होतो, असे वाटते. घरातले कोणी गेल्याचा निरोप ग्रुपवर पडला की एकामागून एक हात जोडले जातात. कोणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो, कोणाला तेवढेही लिहवत नाही. हे उरकणे आहे, अशी तक्रार ऐकू येते, पण ती पटत नाही. स्मशानात तरी आपण कुठे बोलतो? हात जोडून उभे राहतो. शिवाय ‘श्रद्धांजली’तल्या अंजलीचा अर्थच जोडलेले हात, ओंजळ. नमस्कारात तळव्यांच्या मध्ये राहणारी किंचित पोकळी, जिच्यात फूल मावते, ती मात्र या चपट्या चित्रात दिसत नाही.