मोर्चातली गर्दी आणि मतपेटीतला कौल

तरुणांच्या आंदोलनाला मिळणारा पाठिंबा आणि मतदानातून मिळणारा कौल या दोन गोष्टींची आपल्या बोलण्यात सर्रास गल्लत होते. रस्ते भरले म्हणजे जनमत आपल्या बाजूने झाले, असे गृहीत धरले जाते. त्यांतला फरक चिली या देशाच्या अलीकडच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

आंदोलनाचे काम प्रश्न ऐरणीवर आणण्याचे. २००६ मध्ये तिथली शाळकरी मुले रस्त्यावर उतरली; पांढरा सदरा आणि गडद कोट या गणवेशामुळे लोक त्यांना ‘पेंग्विन’ म्हणू लागले. २०११ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी मोफत आणि दर्जेदार शिक्षणाची मागणी लावून धरली. त्या वेळी मतदार नोंदणी ऐच्छिक होती, पण एकदा नाव नोंदवले की मतदान सक्तीचे होते. त्यामुळे असंख्य तरुणांनी नाव नोंदवलेच नव्हते. मोर्चाला मतदार यादी लागत नाही. मात्र कायदा करायला संसद लागते, आणि २०१३ मध्ये कामिला वायेहो व गाब्रिएल बोरिच हे विद्यार्थी नेते निवडून येऊन तिथे पोहोचले. २०१६ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण मोफत मिळू लागले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि विद्यार्थी तिकिटाचे अडथळे ओलांडून उड्या मारू लागले. २५ ऑक्टोबरला राजधानीत दहा लाखांहून अधिक लोक जमले. भाड्यावरून सुरू झालेले आंदोलन नव्या राज्यघटनेच्या मागणीपर्यंत पोहोचले. बरोबर एक वर्षाने, २५ ऑक्टोबर २०२० रोजी, महामारीमुळे घरूनच निळे पेन घेऊन आलेल्या मतदारांपैकी ७८ टक्क्यांनी नव्या राज्यघटनेच्या बाजूने मत दिले. डिसेंबर २०२१ मध्ये ३५ वर्षांचे बोरिच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. पहिल्या फेरीत ते मागे होते, दुसऱ्या फेरीत मतदान वाढले आणि निकाल फिरला.

इथेच गल्लत महागात पडली, असे मला वाटते. २०२० चे मतदान ऐच्छिक होते आणि त्यात सुमारे ७५ लाख लोक सहभागी झाले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी नव्या घटनेच्या मसुद्यावर मतदान झाले तेव्हा ते सक्तीचे होते. सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी मत दिले आणि ६२ टक्क्यांनी मसुदा नाकारला. आंदोलनात जो येतो तोच मोजला जातो, तर मतपेटीत मोर्चाला न आलेल्याचे, न पटलेल्याचे आणि घाबरलेल्याचेही मत तितक्याच वजनाचे असते. मसुदा लिहिणाऱ्यांनी या माणसाशी पुरेसे बोलणे केले नव्हते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या मसुद्यातल्या अनेक हक्कांसाठी मुलांनी अंगावर छर्रे झेलले होते.

त्याच काळात दुसरे एक काम मात्र शांतपणे पुढे सरकत होते. कामाचा आठवडा ४५ तासांवरून ४० तासांवर आणणारे विधेयक वायेहो यांनी २०१७ मध्ये संसदेत मांडले होते. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा कायदा झाला.