साध्या रेणूंतील कोनीय संवेग आणि सममिती

एखादी प्रणाली एका अक्षाभोवती कितीही फिरवली तरी तिची ऊर्जा बदलत नसेल, तर त्या अक्षाच्या दिशेचा कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) अक्षय्य राहतो. गणितज्ञ एमी नोएथर यांच्या १९१८ सालच्या प्रमेयाचे हे एक उदाहरण.

सुट्या अणूत इलेक्ट्रॉनांना सगळ्या दिशा सारख्याच. शेजारी दुसरा अणू जोडला की ही गोलीय सममिती मोडते; उरते ती दोन अणुकेंद्रांना जोडणाऱ्या रेषेभोवतीची. त्यामुळे कक्षीय संवेगाचा त्या रेषेवरचा घटक तेवढा टिकतो. तो ०, १, २ असेल तर अवस्थेला अनुक्रमे सिग्मा, पाय, डेल्टा म्हणतात. कार्बन मोनॉक्साइडची मूळ (सर्वांत कमी ऊर्जेची) अवस्था सिग्मा, नायट्रिक ऑक्साइडची पाय. संपूर्ण रेणूचा एकूण संवेग, म्हणजे ‘जे’, मात्र अक्षय्यच असतो. इलेक्ट्रॉन आणि फिरणारी अणुकेंद्रे यांच्यात त्याची देवघेव चालते.

कार्बन मोनॉक्साइडच्या अवरक्त पट्ट्यात (शोषलेल्या अवरक्त प्रकाशाच्या रेषांच्या मालिकेत) २१४३ प्रति सेंमीपाशी, ऐन मध्यावर, म्हणजे जे न बदलता होणारे शोषण जिथे दिसावे तिथे, रेषाच नसते. याचे कारण नुसते ‘संवेगाची अक्षय्यता’ असे सांगणे अपुरे आहे. फोटॉन एक एकक संवेग आणत असला तरी जे तसाच राहू शकतो (० वरून ० वर जाणे तेवढे वर्ज्य). त्याला अडवते ती समता, म्हणजे सगळे स्थान-निर्देशक उलटे केल्यावर तरंग फलनाचे (अवस्था वर्णणाऱ्या गणिती फलनाचे) चिन्ह तेच राहते (धन) की बदलते (ऋण). सिग्मा अवस्थेत सम जेची समता धन, विषमची ऋण असते आणि अशा शोषणात समता बदलावीच लागते. नायट्रिक ऑक्साइडमध्ये प्रत्येक जेला उलट समतेच्या दोन पातळ्या अगदी लगत असतात, म्हणून तिथे मधली, जे न बदलणाऱ्या रेषांची, शाखा दिसते.

कार्बन डायऑक्साइडमध्ये वेगळीच गफलत होते. ऑक्सिजन-१६ च्या केंद्राची स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) शून्य असल्याने दोन्ही ऑक्सिजनांची अदलाबदल केली तरी तरंग फलन तेच राहिले पाहिजे. मूळ अवस्थेत फक्त सम जे उरतात. रेषांमधील अंतर परिभ्रमण स्थिरांकाच्या (ज्यावरून बंधलांबी काढतात त्याच्या) दुपटीऐवजी चौपट, सुमारे १.५६ प्रति सेंमी होते. त्याला सवयीने २ ने भागले, तर बंधलांबी १.१६ ऐवजी ०.८२ अँगस्ट्रॉम निघते. एका जागी ऑक्सिजन-१८ घातला की गाळलेल्या रेषा परत येतात.

हायड्रोजनमध्ये विषम जे (ऑर्थो) आणि सम जे (पॅरा) यांचे प्रमाण सामान्य तापमानाला ३:१ असते. नुसत्या थंड करण्याने ते झटकन बदलत नाही, कारण टकरींत केंद्रांच्या स्पिना उलटत नाहीत. द्रवरूपात हे रूपांतर सावकाश होत राहते आणि त्यातून सुटणारी उष्णता बाष्पीभवनाच्या उष्णतेहूनही जास्त असल्याने उष्णतारोधक टाकीतला साठाही उडून जातो. म्हणून द्रवीकरण चालू असतानाच वायू लोह ऑक्साइडसारख्या चुंबकीय उत्प्रेरकावरून नेतात.